नाव घ्या, मग रक्त

माझ्या विहिणीइतकी संशयी बाई भंडारा जिल्ह्यात दुसरी नसेल, आणि तिच्या संशयामुळे जितकी माणसं जिवंत घरी गेली तितकी कोणाच्या प्रेमामुळे गेली नसतील. ती एका दवाखान्यात मोठी सिस्टर आहे. कोणत्या, ते सांगत नाही, उगाच कोणाला राग यायचा. एकाचं औषध दुसऱ्याच्या पोटात जाऊ नये, सलाईन रिकामी लटकत राहू नये, कोणी पलंगावरून पडू नये, हे सगळं तिच्याकडे. सुई टोचण्याआधी ती रोग्याला पूर्ण नाव विचारते. सकाळी विचारलेलं असलं तरी दुपारी पुन्हा विचारते. तिच्या सख्ख्या भावाला ताप आला तेव्हा त्यालाही विचारलं. तो चिडला, "अवं, एका ताटात जेवलो आपन!" ती म्हणाली, "ताटावर नाव नव्हतं लिवलं. सांग." माझ्या मुलीच्या लग्नात अंतरपाट दूर झाला, लोक अक्षता टाकत होते, आणि ही होणारी सासू पुढे येऊन नवरीला विचारते, "नाव काय बाई तुझं?" मंडप हसला. मी हसले नाही. म्हटलं, "इनबाई, पोरगी तीच आहे, बदलली नाही." तर म्हणते, "मुंडावळ्यात साऱ्या पोरी सारख्याच दिसतेत."

दवाखान्यात नवीन मशीनं यावीत म्हणून डॉक्टरांशी भांडली तीच, आणि मशीनं आल्यावर त्यांच्यावर चोरासारखी पाळत ठेवतेही तीच. छातीला तारा लावायचं एक मशीन आहे, ते सारखं टीं टीं करतं. एका मुलाने बापाची झोप मोडते म्हणून त्याचा आवाज बंद केला. इनबाईने त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "बाप झोपला का गेला, हे तुले कसं समजन मंग?" तो मुलगा त्या रात्री स्वतःच झोपला नाही. आमच्याकडे जेवायला आली तरी कुकरची शिट्टी झाली की ही ताटावरून उठते. तिचं म्हणणं, आवाजाची सवय झाली की माणूस बहिरा होतो. जेवताना ती असलंच बोलते. दुसऱ्या गटाचं रक्त चढलं तर माणूस कसा थरथरत जातो, हेही तिने मला वरणभात कालवतानाच सांगितलं. मी जेवून घेतलं, पण लक्षात राहिलं.

मागच्या वर्षी मला ताप आला आणि मी तिच्याच वॉर्डात पडले. शेजारच्या पलंगावर आंधळगावकडची एक म्हातारी होती, सुमन नावाची. अंगात रक्त राहिलं नव्हतं, चेहरा तांदळाच्या पिठासारखा. रक्ताची पिशवी आली. लहान सिस्टरने म्हातारीच्या मनगटावरची पट्टी मशीनला दाखवली, पिशवी दाखवली, हिरवा दिवा लागला. तेवढ्यात इनबाई आली आणि पिशवी हातात धरून म्हणाली, "आजी, पूर्ण नाव सांगा."

म्हातारीने आपलं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. मधलं नाव गिळलं. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, घेतलंच तर उखाण्यात. नवरा चहा आणायला खाली गेलेला.

"मालकाचं नाव?"

म्हातारीने पदर तोंडावर घेतला.

लहान सिस्टर म्हणाली, "मॅडम, मशीन तं हिरवं दाखवून राहिली."

"मशीनचं लगन झालं नाही. तिले काय माहीत नवऱ्याचं नाव! घ्या आजी, उखाण्यात घ्या. नाही तं मी रगत लावत नाही."

मला राग आला. म्हटलं, "अवं इनबाई, बुढी मरून राहिली अन् तुले उखाना सुचते?"

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. मग त्या मेल्या आवाजात म्हातारी म्हणाली,

"बांधीत लावला धान, पाण्याले नाही तोटा,
सोमाजीचं नाव घेतो, सुई हळू टोचा."

सगळा वॉर्ड हसला. इनबाई हसली नाही. तिने पिशवीवरचं नाव पुन्हा वाचलं. तिथे सुमन देवाजी होतं.

पलीकडच्या वॉर्डात ऑपरेशनची एक बाई होती, तिचंही नाव सुमन आणि आडनावही तेच. भरती करताना म्हातारीने नवऱ्याचं नाव सांगितलं नाही, आणि कॉम्प्युटरवरच्या मुलीने समोर दिसली ती सुमन दाबली. पट्टी त्या दुसरीची, तिच्यावरून आलेली पिशवीही त्या दुसरीचीच, म्हणून दिवा हिरवा. मशीनने आपलं काम बरोबरच केलं होतं.

इनबाई पिशवी घेऊन वळली, तर दारात एक म्हातारा हातात चहा घेऊन उभा. म्हणाला, "कोनं बलावलं मले?"

म्हातारीने पदर आणखी ओढला. म्हाताऱ्याला पिशवीचं काही कळलं नव्हतं. त्याला एवढंच कळलं की नाव बायकोच्या तोंडून आलं. तो तिच्या पायाशी येऊन बसला आणि चहा तसाच धरून राहिला.

नवी पट्टी झाली, नव्याने तपासणी झाली, तिचं रक्त संध्याकाळी आलं. ते चढत असताना इनबाई तिच्याजवळ बसून होती. तारांचं मशीन नीट चाललं होतं, तरी हिने म्हातारीचं मनगट उजव्या हातात धरलेलं. तिची ड्युटी कधीच संपली होती. मी म्हटलं, "जा आता घरी, इनबाई."

ती हळूच म्हणाली, "तिनं तोंड उघडलं नसतं, तं?"

मी तिच्यासाठी अर्धा कप चहा झाकून ठेवला होता. तो तिने गारच प्यायला, डाव्या हाताने.