मुदत संपलेलं कार्बनचं कापड

माझ्या डिप्लोमाच्या मैत्रिणी एकेक करून आयटीत गेल्या आणि मी धायरीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. आता भेटलो की त्या ऑनसाइटचं सांगतात, मी शेडचं. चार वर्षांत किस्से इतके साठले, की कुठून सुरुवात करावी कळत नाही.

काम असं होतं. विमानाचे भाग करणारे कारखाने रेझिन लावलेलं कार्बनचं कापड डीप फ्रीझरमध्ये ठेवतात. मुदत संपली की ते कडक होतं, चिकटत नाही, मग फेकून देतात. आमचे कांबळे सर ते आणायचे. अल्ट्रासॉनिक मशीनच्या कंपनांनी रेझिन मऊ करून थर पुन्हा एकजीव करायचे आणि कृत्रिम पायाचे सॉकेट बनवायचे. सॉकेट म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो, तो कप.

*

कापडाचा पहिला रोल आणायला कारखान्यात गेलो, तर तिथल्या स्टोअरचे साहेब अडून बसले.

"अहो कांबळे, एक्स्पायर झालाय हा. विमानाला चालत नाही!"

"आमचे पेशंट उडत नाहीत," सर म्हणाले.

साहेबांनी गेटपासवर सही केली.

*

मशीनचा आवाज माणसाला जवळजवळ ऐकूच येत नाही. दारातलं कुत्रं मात्र मशीन लावलं की उठून थेट रस्त्यापलीकडे! एकदा मी मशीन बंद समजून त्याच्या टोकाला बोट लावलं. चांगलंच भाजलं. सरांनी मलम लावलं आणि म्हणाले, "आधी कुत्र्याला विचारायचं."

*

पहिला सॉकेट करायला तीन महिने लागले. टेस्टला वजन दिल्याबरोबर थर सुटले, बेकरीतल्या खारीसारखे. सरांनी तो हातात फिरवून पाहिला.

"चहा सांगा."

मी हसले. ते हसले नाहीत. चहा तसाच गार झाला. संध्याकाळी म्हणाले, "हा कुणाच्या पायात असता तर?"

तेव्हापासून नियमच झाला. एकाच मापाचे दोन सॉकेट करायचे. एक मोडून बघायचा. तो पुरेसा टिकला, तरच दुसरा पेशंटला.

*

मांजरी गावच्या मालनबाईंचा पाय उसाच्या ट्रॉलीखाली गेला होता, गुडघ्याखालून. सॉकेट घ्यायला आल्या, तेव्हा टेस्ट चालू होती. म्हणाल्या, "मला बगायचंय."

सरांनी खुर्ची दिली. वजन चढत गेलं. हवं होतं त्याच्या दुप्पट झालं, तेव्हा कुठे कडकन आवाज आला. आम्ही टाळ्या वाजवल्या! मालनबाई दचकल्या होत्या.

दुसरा सॉकेट बसवला. त्या उभ्या राहिल्या, भिंत धरून चार पावलं चालल्या, मग भिंत सोडून चार.

"दुखतंय का?" सरांनी विचारलं.

"न्हाई." त्या टेबलाकडे बघत होत्या. "मोडला त्यो कुनाचा?"

"कुणाचाच नाही, मालनबाई. टेस्टचा."

"माज्याच मापाचा हाय न्हवं?"

"हो."

"मग त्यो बी द्या. माज्यापायी मोडला त्यो."

सर माझ्याकडे बघायला लागले. मी मोडलेला सॉकेट त्यांच्या हातात दिला. मालनबाईंनी तो पुसला, पिशवीतल्या धुतलेल्या टॉवेलात नीट गुंडाळला, आणि छातीशी धरून बस स्टॉपपर्यंत चालत गेल्या.