मुक्कामाची सोय केली आहे

दुसऱ्याच्या ओसरीवर झोपून ज्यानं नोकरी केली, त्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. पँटच्या मोहरीला कुसळं चिकटून यावीत तसे ते घरापर्यंत येतात. आम्ही तिघं भेटलो की एकेक उपटून काढत बसतो. हसू येईल असे त्यात थोडेच. पण एकदा बसलो की कुणी कुणाला थांबवत नाही.

तिघं म्हणजे मी गायकवाड, कळंबचा दिनकर ठोंबरे आणि नलूताई. सत्तरच्या दशकात आम्ही कर्जत-खालापूर भागात कुष्ठरोगाच्या सर्व्हेला होतो. गावोगाव जायचं, घरातल्या प्रत्येकाचं अंग बघायचं, चट्टा दिसला तर त्यावर मोरपीस टेकवून विचारायचं, "कळतंय का?" नाही कळलं तर गोळ्या सुरू. लोक आम्हाला 'चट्टेवाले' म्हणत.

अंग तपासायला उजेड लागतो, आणि उजेड असतो तेव्हा माणसं शेतावर. म्हणून सकाळी उगवल्या उगवल्या आणि संध्याकाळी मावळायच्या आत, एवढ्याच दोन वेळा हाताशी. त्यामुळे गावात मुक्काम करावाच लागे. आठवडाभर आधी ऑफिसातून पोलीस पाटलाला पोस्टकार्ड जायचं. तिकडून उत्तर यायचं, 'मुक्कामाची सोय केली आहे.' हे चार शब्द खिशात घालून आम्ही एकेकटे निघायचो.

गावांची नावं सांगत नाही. तिथं आता सगळ्यांची नातवंडं नांदतायत.

*

माझा पहिलाच मुक्काम. पाटलानं एका घरी सोय केली होती. घर चांगलं, पडवी सारवलेली, कोपऱ्यात माझ्यासाठी चटईसुद्धा अंथरून ठेवलेली. घरधनीण पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि तिनं विचारलं, "आडनाव काय तुमचं?"

हा प्रश्न कुठं जातो हे मला लहानपणापासून पाठ. आम्ही छप्पन्नच्या दीक्षेतली माणसं. वडिलांनी सांगून ठेवलेलं, खोटं बोलायचं नाही. मी म्हटलं, "गायकवाड. आम्ही बौद्ध."

"असूंदे," ती म्हणाली. "आता तं काय कोन मानतं तसं. कामाला कंच्या खात्यात?"

मी सांगितलं.

तिच्या हातातला तांब्या तिथंच थांबला. "म्हंजी तुमी त्यांना हात लावता?"

"लावावा लागतो. तपासायचं तर..."

ती पाण्यासकट आत गेली. थोड्या वेळानं पाटील आला आणि मान खाली घालून म्हणाला, "शाळंच्या वऱ्हांड्यात झोपा. तितं वारा बी चांगला हाय."

शाळेच्या वऱ्हांड्यात पडल्या पडल्या माझ्या लक्षात आलं, की आपल्याला जातीसाठी नाही, कामासाठी बाहेर काढलं, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलंय. मला चक्क थोडं बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली. ती लाज अजून आहे.

*

ठोंबऱ्याची गोष्ट वेगळी. तो भातशेतीवाल्या घरचा, जातीनं कुणाला न खटकणारा, बोलायला मोकळा. एका गावी त्याची सोय अगदी पक्की होती. घरच्यांनी त्याला आत घेतलं, बसायला पाट दिला. काम काय ते ऐकल्यावर आतल्या खोलीत कुजबुज झाली. मग घरमालक बाहेर आला.

"पाटलाला शबूद दिला हाय," तो म्हणाला. "पावन्याला घालवनं बरं दिसत नाय. तवा तुमी रावा. आमी जातो."

ठोंबऱ्याला वाटलं चेष्टा. पण घरातली सात माणसं एकामागून एक बाहेर पडली. म्हातारी, सुना, कडेवरची पोरं. कुणी पांघरुणं घेतली, कुणी भाताचं पातेलं. शेवटी मालकानं दारात येऊन सांगितलं, "गायीला तेवढं पानी दावा," आणि तोही चुलतभावाकडे गेला.

ठोंबरे अख्ख्या घरात एकटा. गायीला पाणी दाखवलं, दिवा लावला, आणलेल्या भाकऱ्या खाल्ल्या. सकाळी तो तोंड धूत होता तेव्हा घरातल्या बाया शेणाच्या पाट्या घेऊन परत आल्या. तो जायची वाट बघण्याइतका वेळ त्यांना नव्हता. तो बसला होता तिथपर्यंत सारवत आल्या आणि सासू म्हणाली, "जरा पाय वर घ्या, दादा."

"मी घेतले," ठोंबरे सांगतो. "काय करणार?"

*

त्याचाच आणखी एक, छोटा. पोस्टकार्डाचं उत्तर नेहमीप्रमाणे आलं होतं. गावात पोचल्यावर पाटलानं त्याला गावाबाहेर नदीकडे नेलं आणि पत्र्याची एक शेड दाखवली. नवीकोरी होती. स्मशानातली.

आम्ही विचारलं, "मग?"

"मग काय. झोपलो. शेजार शांत होता."

*

नलूताईला आमच्यासारखं शाळेच्या वऱ्हांड्यात पडता येत नसे. बाईमाणूस, एकटी. तिची सोय फिसकटली की ती खरंच उघड्यावर.

एका गावी कारखान्यातल्या कामगाराच्या खोलीवर तिची सोय झाली होती. त्याच्या बायकोनं प्रेमानं चहा दिला, केसांना तेल लावू का म्हणाली. तेवढ्यात नवरा पाळीवरून आला. त्यानं नलूताईची मोरपिसांची पिशवी बघितली, कागद बघितले आणि बायकोला म्हणाला, "चाळीत कळलं तं नळावर आपला नंबर बंद होईल. हिला काढ."

नलूताईनं अर्धा चहा ठेवला आणि पिशवी उचलली.

शेवटची एसटी गेलेली. दिवेलागणीच्या सुमाराला ती चालत एका दवाखान्यापाशी आली. तिथं एक सुईण ड्यूटीवर होती. बाळंतिणीच्या दोन खाटांपैकी एक रिकामी होती. सुईण म्हणाली, "झोप बाई. पण इथं खाटेवर कोणी दिसलं तर माझ्या रजिस्टरमध्ये असायला पाहिजे. साहेब सकाळीच येतो. पेशंट म्हणून लिहू?"

"लिहा," नलूताई म्हणाली.

"कितवं बाळंतपण?"

"पहिलं लिहा."

"नवऱ्याचं नाव?"

इथं एक सांगायला हवं. नलूताईला मूल नव्हतं. त्यावरूनच नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं होतं आणि दुसरी केली होती. सात वर्षं ते नाव तिनं तोंडातून काढलं नव्हतं. त्या संध्याकाळी एका खाटेसाठी काढलं. सुईणीनं ते लिहून घेतलं, आणि शेरा म्हणून पुढं लिहिलं, 'कळा थांबल्यामुळे घरी पाठवले.'

हा किस्सा ती फार रंगवून सांगते, शेवटी पदर तोंडाला लावून हसते. एकटीच हसते. ठोंबरे उठून पाणी प्यायला जातो.

*

माझ्यावरचा सगळ्यात वाईट प्रसंग आमच्याच लोकांत आला.

एका गावात पाटलानं ऐन वेळी हात वर केले. मी मनात म्हटलं, बरंच झालं, आपली वस्ती आहे ना. गावाच्या खालच्या अंगाला आमची आठ घरं. मी जाऊन "जय भीम" केला. एका म्हाताऱ्यानं बसायला घोंगडी टाकली, कुठले, कुणाचे, सगळी चौकशी झाली. दूरचं नातंही निघालं. मी सुटलो असं वाटलं.

मग त्यानं माझं काम विचारलं. मी सांगितलं.

"बाळा," तो म्हणाला, "तुजं काम चांगलं हाय. मला कळतंय. पन गाव आधीच आमाला लांब धरतो. आता कुटं दोन वर्सं झाली, पोरी वरच्या हिरीवर पानी भरत्यात. तू हितं राह्यलास तं उद्या ते म्हंतील, यांच्यात तो रोग आला. मंग पानी गेलं."

मला राग आला नाही. राग यायला समोर काहीतरी चुकीचं असावं लागतं. त्याचा शब्द न् शब्द बरोबर होता.

मी उठलो. त्यानं माझी पिशवी स्वतः उचलून रस्त्यापर्यंत आणून दिली आणि म्हणाला, "माज्या पोराला नोकरी लागंल का रं तुज्या खात्यात?"

*

आता शेवटचा. हा मी ठोंबरे आणि नलूताईलाही पुष्कळ वर्षं सांगितला नव्हता.

गाव डोंगराच्या पायथ्याला, दोन दिवसांचं काम. सोय नारायण नावाच्या एका शेतकऱ्याच्या घरी होती. चाळिशीचा माणूस, थोरला भाऊ आणि त्याचं कुटुंब असं एकत्र घर. मी काय काम करतो ते त्याला आधीच ठाऊक होतं. मी दारातच थबकलो तेव्हा तो म्हणाला, "या, या. मानसाला घाबरून कसं चालंल?" त्यानं मला घरात आपल्या पानाशेजारी जेवायला बसवलं. इतक्या वर्षांत असं कुणी केलं नव्हतं. भात वाढताना त्याच्या वहिनीनं दोनदा विचारलं, "आनखी घ्या ना."

सकाळी घरातल्या सगळ्यांची तपासणी केली. थोरला भाऊ, वहिनी, तिच्या दोन उपवर मुली, नारायणची बायको. कुणाला काही नाही. नारायण बाजूला उभा राहून सगळ्यांची थट्टा करत होता. सदरा मात्र त्यानं काढला नव्हता.

चुलीवर चहा उकळला तशी त्याची बायको भांडं धरायचं फडकं शोधायला वळली. नारायणनं ते भांडं नुसत्या हातानं उचलून माझ्यापुढं ठेवलं. मी त्याच्या बोटांकडे बघितलं. दोन बोटांवर जुने भाजलेले डाग होते. ताजं भाजलं तरी त्याचा चेहरा हलला नव्हता.

मी म्हटलं, "नारायणराव, तुमचं राहिलं."

"माजं काय बघायचं?"

"सगळ्यांचं बघितलं ना."

त्यानं सदरा काढला. पाठीवर तळहाताएवढा चट्टा. मी मोरपीस टेकवलं. "कळतंय का?" तो डोळे मिटून उभा होता. म्हणाला, "लावा की." मी म्हटलं, "लावलंय."

त्यानं सदरा परत अंगात घातला.

मी नेहमीचं सगळं सांगितलं. गोळ्यांनी बरा होतो. घरातच राहायचं. गोळ्या चालू असल्या की दुसऱ्याला होत नाही. बोलताना मी थोरल्या भावाकडे बघत होतो, आणि तो त्याच्या मुलींकडे. गोळ्यांची पुडी मी नारायणच्या हातात दिली, ती त्यानं खिशात ठेवली आणि "कामाला जातो" म्हणून निघाला.

मीही उरलेली घरं करायला गेलो. दिवसभर माझं कशात लक्ष नव्हतं. संध्याकाळी परत आलो तर माझी पिशवी बाहेरच्या पायरीवर ठेवलेली होती. तिच्या शेजारी एक हिरवी ट्रंक. ट्रंकेला टेकून नारायण बसला होता. घराचं दार लावलेलं.

"भावाचं चुकलं नाय," तो म्हणाला. "दोन पोरी हायत." मग मला विचारलं, "तुमची सोय?"

"बघतो कुठंतरी."

"कुटं बगनार? हितं तुमाला कोन घेनार नाय आता." त्यानं एका हातानं ट्रंक खांद्यावर घेतली, दुसऱ्या हातानं माझी पिशवी. मी घ्यायला गेलो तर दिली नाही. "चला. वड्यापल्याड माजी भैन दिलेली हाय. तिला अजून काय म्हाईत नाय."

मी म्हटलं, "मग तुम्हीच राहा तिथं. मी..."

"तिची सासू हाय," एवढंच तो म्हणाला.

वीस मिनिटांचा रस्ता. ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. पलीकडच्या काठावर एका झाडाखाली त्यानं ट्रंक ठेवली, तोंडावर पाणी मारलं, सदरा नीट केला आणि फक्त माझी पिशवी घेऊन बहिणीच्या अंगणात गेला.

"सोने, पावना हाय सरकारचा," तो म्हणाला. "आमच्याकडं भाताची पोती लागल्यात, झोपायला जागा नाय. यांना आजचा दिस ठेव."

"ठेव काय इचारतोस?" ती म्हणाली. "तू बी जेवून जा."

"नको. घरी वाट बगत्यात."

त्यानं मला नमस्कार केला. मी त्याचा हात धरायला गेलो, पण सोनीची सासू ओसरीवरून बघत होती आणि त्यानं हात मागे घेतला.

सोनीनं माझ्यासाठी चटई टाकली, पाणी आणून दिलं. थोडा उजेड होता अजून. अंगणातून ओढ्याकडची वाट दिसत होती. ती कपाळावर हात धरून तिकडं बघत राहिली. मग मला म्हणाली, "दादानं झाडाखालून पेटी उचलली. पेटी घिऊन कुटं चाललाय वो तो?"

मी म्हटलं, "घरी."