भरल्या पंगतीतला सर्व्हर

आमच्या ऑफिसात ताईंना खुर्ची होती, पण ताई खुर्चीत नसत. टेबलाला टेकून उभ्या, एक पाय चपलेच्या बाहेर, आणि तोंडात एकच: "चालू हाय ना? पाह्य बरं एकदा." गॅस बंद केला का म्हणून कुलपापासून परत फिरणारं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. सर्व्हरच्या बाबतीत ताई तशा होत्या. वाशिमच्या त्या दोन खोल्यांत आम्ही वसतिगृहांच्या प्रवेशाची वेबसाइट सांभाळायचो आणि ताई आम्हा सगळ्यांना.

जयंतीच्या जेवणात पदर खोचून वाढायला त्या पहिल्या. "भरल्या पंगतीतून कोनाले उठवाचं नाई," हा त्यांचा कायदा. सर्व्हरलाही तोच. लोक फॉर्म भरत असताना तो बंद करायचा नाही. आम्ही चिडवायचो, "ताई, मशीन जेवत नाही." त्या म्हणत, "मशीन नाई, मानसं."

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी दुपारी साइट अडकली. एका वेळी किती प्रोसेस, म्हणजे किती कामं, चालतील याची मर्यादा सर्व्हरच्या युनिक्स प्रणालीत ठरलेली असते. आमच्याकडे माणसामागे एक प्रोसेस लागे. मर्यादा भरली की पुढचा दाराबाहेर. ताईंनी आकडा वाढवला, तरी फरक पडेना. चालू सर्व्हर जुनीच मर्यादा धरून बसला होता. नवी हवी तर तो बंद करून पुन्हा सुरू करणं भाग. म्हणजे आतल्यांचे अर्धे भरलेले फॉर्म बुडणार.

ताई येरझारा घालू लागल्या. तेवढ्यात मानोऱ्याजवळच्या तांड्यावरून एका बापाचा फोन आला.

"ताई, टरक उभा हाय जी. फारम नाई गेला तं पोरीले बी ऊस तोडाले न्या लागते."

"थांबा भाऊ, आतल्या लोकायचं होऊ द्या."

"टरक थांबत नाई ना ताई."

शेवटी मी ओरडलोच, "बंद करा ताई! काहून थांबून राह्यल्या?" त्यांनी स्क्रीनवरून तोंड फिरवलं आणि सर्व्हर बंद करायला एंटर दाबलं.

थोड्या वेळानं बापाचा परत फोन. "गेला ताई! पोरगी टरकातून उतरली खाली." आम्ही टाळ्या पिटल्या. ताईंनी नाही.

फॉर्मच्या सुरुवातीलाच मोबाइल नंबर द्यावा लागे. ज्यांचे मध्येच तुटले, त्या एकेकाला ताईंनी फोन लावला. "माफ करा जी, पुन्हा भरा. मीच बंद केलं." काहींनी शिव्या दिल्या, ताईंनी गुमान ऐकल्या. सगळे सापडले, रिसोडकडचा एक सोडून. मुदत संपली तरी तिकडे नुसती रिंग जात होती.

पुढे ताईंची अमरावतीला बदली झाली. निरोपाच्या दिवशी आम्ही पेढे आणले, बळेच भाषणं केली. ताई कोपऱ्यात कानाला मोबाइल लावून उभ्या होत्या. मी पेढा घेऊन गेलो आणि विचारलं, "कोणाला लावताय?"

"तोच रे, रिसोडकडचा. कोन्या लेकराचा फारम असन, काय मालूम."

मी शेजारी उभा राहिलो. रिंग मलाही ऐकू येत होती. कोणी उचलला नाही.