आम्ही म्हणजे कोण

दादा आठवडाभर सुट्टी घेऊन वहिनीबरोबर कॅरिबियन समुद्रातल्या कुठल्याशा बेटावर जाणार आहे, हे आईनं मला फोनवर सांगितलं तेव्हा मी शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धूत होते. एक नळी हातातून सुटली आणि बेसिनमध्ये फुटली. मी आईला सगळं पुन्हा सांगायला लावलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं आणि म्हणाली, मलाही अजून खरं वाटत नाहीये.

खरं वाटावं कसं? माझा दादा लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्ट अडकली की गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत चढायचं, हातानं ब्रेक सोडायचा, चाक फिरवत डबा हळूहळू मजल्याला आणायचा, किल्लीनं दार उघडायचं आणि आत घामाघूम झालेल्या माणसाला बाहेर काढायचं. बाहेर आलेला माणूस आधी दादाला शिव्या देतो आणि मग पाणी मागतो. कुठल्या इमारतीतली लिफ्ट कशी कुरकुरते ते दादाला पाठ आहे. स्वतःचे गुडघे कुरकुरतात ते मात्र ऐकू येत नाहीत. कामावरचे लोक त्याला 'मधला मजला' म्हणतात, अर्धं कामामुळे आणि अर्धं स्वभावामुळे. दादा कशालाच हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. तो म्हणतो, आपण बघू.

लग्न झाल्यापासून तो वहिनीला 'आपण जाऊ' म्हणत आला होता. आपण डोंगरावर जाऊ, आपण तुझ्या मावशीकडे जाऊ, आपण समुद्रावर जाऊन राहू. त्या 'आपण'मध्ये इतका जीव असायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, टॅक्सी खाली येऊन उभी आहे. मग कुणीतरी कुठेतरी अडकायचं आणि दादा हत्यारांची पिशवी उचलून चालू लागायचा.

वहिनी चष्म्याच्या दुकानात काम करते. भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची, आणि फ्रेम नाकावर नीट बसेपर्यंत गिऱ्हाईकाला सोडायचं नाही. तिचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. खरं सांगायचं तर तिच्या त्या शांतपणाचा मला राग यायचा. मी तिच्या जागी असते तर पहिल्याच वर्षी भांडी आपटली असती. ती भरलेली बॅग रिकामी करायची आणि माळ्यावर ठेवून द्यायची.

त्यांची लेक नोकरीला परगावी गेली आणि घरात दादा, वहिनी आणि आई एवढीच माणसं उरली. तेव्हा कुठे वहिनीनं मनावर घेतलं. आधी व्हिसा काढावा लागत नाही असं बेट तिनं हुडकलं आणि प्रवास कंपनीतल्या मुलीकडून सात दिवसांचं दोघांचं बुकिंग करून टाकलं. दादाला सांगितलं ते नंतर. आम्हाला वाटलं, आता हा म्हणणार, बघू. पण झालं भलतंच. दादा त्या बेटाच्या मागे असा लागला, जणू मशीनच उघडून बसलाय. वादळं कुठल्या महिन्यांत येतात, विमान बदलताना मधे वेळ पुरतो का, सगळं त्यानं शोधलं. बेटाच्या एका बाजूला लाटा आपटतात आणि दुसरीकडे पाणी शांत असतं हे कळल्यावर त्यानं हॉटेल बदलायला लावलं. नव्या हॉटेलचे फोटो तो भिंग लावून बघायचा. का, तर लिफ्ट आहे की काय ते पाहायला. शेवटी लाकडी जिन्याचं एक दुमजली हॉटेल सापडलं. "लिफ्ट असली तर माझा कान तिकडेच राहील," तो वहिनीला म्हणाला. हे एक वाक्य सांगायला वहिनीनं मला दुकानातून फोन केला होता. पाण्याखालचे मासे दिसावेत म्हणून तिनं दोघांसाठी पोहायचे चष्मे बनवले, प्रत्येकाच्या नंबरची भिंगं बसवून. इतकी खुशीत असलेली वहिनी मला नवीनच होती.

आणि नेहमीप्रमाणे घोडं अडलं. हॉस्पिटलच्या नव्या इमारतीच्या लिफ्टची तपासणी नेमकी त्याच आठवड्यात आली. जेवताना दादा वहिनीला म्हणाला की तिकीट पुढं ढकलता येतं का विचार जरा, आपण महिनाभरानं जाऊ. वहिनी म्हणाली, विचारते. मला आईकडून कळलं तेव्हा मी फोनवरच दादाच्या नावानं बोटं मोडली. आई नेहमी लेकाची बाजू घ्यायची. या वेळी मात्र ती काहीच बोलली नाही. तिथंच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

दोन-चार दिवसांनी मी माझी चाकांची मोठी बॅग द्यायला त्यांच्याकडे गेले. वहिनीनंच मागितली होती. मला वाटलं, तारीख पुढची मिळाली असेल. वहिनी जेवणाच्या टेबलावर टॉवेलांच्या घड्या घालत होती आणि आई खुर्चीत बसून नव्या चपलेचा पट्टा सैल करत होती. तेवढ्यात दादा आला. दिवसाउजेडी घरी आलेला दादा बघून आम्ही तिघी चपापलो. त्याच्या चेहऱ्यावर कसलंसं हसू होतं, काहीतरी लपवल्यासारखं. तो टेबलाशी बसला, बॅगेकडे पाहिलं आणि विचारलं, "आपल्याला खिडकीजवळची जागा मिळाली का गं?"

"हो," वहिनी घडीवरून हात फिरवत म्हणाली, "आम्हाला मिळाली."

मी हसले. मला वाटलं, जीभ घसरली. नवऱ्याला कुणी 'आम्हाला' म्हणतं का? ज्याला सांगायचं तो त्यात नसेल तरच 'आम्ही' म्हणायचं, एवढं लहान पोरालाही कळतं. पण वहिनी हसली नाही. आईनं चपलेवरची नजर वर केली नाही. दादाचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं, काढायला विसरल्यासारखं.

"आम्ही म्हणजे कोण?" त्यानं विचारलं.

"मी आणि आई."

वहिनीनं सगळं सांगितलं, नेहमीच्याच आवाजात. प्रवास कंपनीतली मुलगी म्हणाली होती की तारीख बदलणार नाही, पण एक नाव रद्द करून दुसरं माणूस घेता येईल. आईचा पासपोर्ट तिच्या परदेशातल्या बहिणीकडे जाण्यासाठी काढलेला, कोराच पडला होता आणि त्याची मुदतही शिल्लक होती. वहिनीनं दादाचं नाव काढलं आणि आईचं घातलं. पोहायच्या चष्म्यात आईच्या नंबरची भिंगंही बसवून झाली होती.

"तुम्ही 'आपण' म्हणालात की मी बॅग भरायचे," ती दादाला म्हणाली. "या वेळी भरलेली बॅग मला रिकामी करायची नाही."

तिनं शेवटची घडी बॅगेत ठेवली. मी आईकडे वळले. ही माझी आई! मुलगा उपाशी राहील म्हणून ताट झाकून जागणारी, सुनेनं कुरकुर करायच्या आत 'त्याचं कामच तसलं' म्हणणारी. मी तिला म्हटलं, तू तरी नको म्हणायचंस ना?

"का म्हणू?" आई म्हणाली. "याची वाट बघत बसले तर मी वर जाईन, समुद्रावर नाही."

मला वाटलं दादा आता चिडेल. तो म्हणाला, बरं केलंस. गुडघ्यांचं औषध आठवणीनं घ्या, म्हणाला, आणि तोंड धुवायला गेला. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. मग तो तसाच गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी चहा घेऊन मागोमाग गेले. चहा हे निमित्त होतं, मला त्याला चांगलं फैलावर घ्यायचं होतं. मी म्हटलं, कळलं का आता, माणसाला किती दिवस झुलवायचं असतं ते?

दादानं कप घेतला. मग हळू आवाजात म्हणाला, "मी आज रजा टाकली."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. तो सांगत गेला. रात्रभर झोप आली नाही. वहिनी 'विचारते' म्हणाली तो आवाज काही बरा वाटला नव्हता. म्हणून दुपारी तो साहेबांसमोर जाऊन उभा राहिला. साहेब तपासणीचं नाव काढून नाही म्हणतील, मग आपण भांडू, अशी तयारी करून गेला होता. साहेब म्हणाले, अरे खुशाल जा, तुझ्यावाचून इथं काही अडत नाही. सही करून दिली. कामावरच्या सगळ्यांनी हात मिळवले, खांद्यावर थापा मारल्या. मधला मजला निघाला एकदाचा, म्हणाले. इतकी वर्षं जवळ बाळगलेल्या दारांच्या किल्ल्या त्यानं काढून दिल्या आणि हे सांगायला तो घरी आला होता.

आपल्यावाचून अडत नाही, हे माझ्या भावाला एकाच दिवशी दोन्हीकडून ऐकायला मिळालं होतं. कामावर, आणि तासाभरात घरी. मी म्हटलं, आत जा आणि आत्ताच्या आत्ता सांग. तिसरं तिकीट काढू.

"विमान भरलंय. तोंड धुताना फोनवर बघितलं मी."

"मग निदान सांग तरी!"

"सांगितलं तर ती आईबरोबर मला पाठवून स्वतः राहील. नाहीतर जाईल आणि तिथं बसून रडेल." त्यानं आत एकदा पाहिलं. "तू पण बोलायचं नाहीस."

मी कबूल केलं. का केलं, ते मला अजून कळलेलं नाही.

त्या दोघी गेल्या. दादा कामावर परत गेला नाही. म्हणाला, कुठल्या तोंडानं जाऊ, सगळ्यांनी निरोप दिलाय. कामावरच्यांच्या लेखी तो बेटावर होता आणि वहिनीच्या लेखी कामावर. कुणी बघेल म्हणून तो कोपऱ्यावरच्या दुकानातही जाईना. दूध मी नेऊन द्यायची. माझा भाऊ स्वयंपाकघरात स्टुलावर बसून कपाटांच्या बिजागऱ्यांना तेल घालतोय, हे साऱ्या जगात एकट्या मला ठाऊक होतं. मला त्याची कीव येत होती आणि संतापही.

आठवड्याच्या मध्यावर मी तिथं भांडी घासत असताना वहिनीचा फोन आला. दादानं कॅमेरा बंद ठेवला आणि नुसता आवाज मोठा केला. मी पटकन नळ बंद केला. घरातला आवाज तिला ऐकू जाऊ नये म्हणून, म्हणजे मीही त्याच्या खोटेपणात सामील झालेच. वहिनी सांगत होती की आई कमरेइतक्या पाण्यात उतरली. पिवळ्या माशांचा थवा तिच्या पायांमधून गेला तेव्हा ती लहान मुलीसारखी ओरडली, आणि आता बाहेरच यायला तयार नाही. वहिनी हसत होती. मागून लाटांचा आवाज येत होता. मग ती थांबली.

"अहो, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही लवकर घरी आला होतात. काही सांगायचं होतं का?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी हातवारे करून सांगत होते, सांग, आता तरी सांग.

"नाही गं," तो म्हणाला. "काम लवकर आटपलं होतं."

"आत्ता कुठे आहात?"

"हॉस्पिटलात. तपासणी चाललीय. साहेब हाक मारतायत, ठेवू का?"

पलीकडे वहिनीनं मोकळा श्वास सोडला. तो इतका मोकळा होता की मला इथं ऐकू आला.

"मला वाटलंच," ती म्हणाली. "उगीच दोन रात्री झोप नाही लागली मला. जेवण वेळेवर घ्या."

फोन बंद झाला. दादा स्टुलावर तसाच बसून होता, हाताला तेल लागलेलं. मला त्याला गदागदा हलवावंसं वाटत होतं. त्यानं विचारलं, "आवाज खरा वाटला ना गं?"

मी हो म्हटलं आणि ओल्या हातांनीच त्याला जवळ घेतलं. आम्हा भावंडांना तशी सवय नाही.