दादाच्या सुयांची बरणी

आमच्या घरात मधुमेह दोघांना आहे, पण कौतुक एकट्या दादाच्या मधुमेहाचं होतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तलासरीला सरकारी कचेरीत कारकून होता, आता निवृत्त होऊन कैनाडला आमच्या एकत्र घरात असतो. लहानपणापासून सगळं त्याला आधी मिळालं. सायकल त्याला आधी, घड्याळ त्याला आधी, बायको त्याला आधी (ते ठीकच झालं). मधुमेह तेवढा मला आधी झाला होता. चार वर्षं मी घरातला एकमेव साखरवाला म्हणून मिरवलो. मग दादालाही झाला आणि त्याने मला एका उडीत मागे टाकलं. मला गोळ्या, त्याला थेट इन्सुलिन!

गोळीत बघण्यासारखं काही नसतं. माणूस तोंड उघडतो, पाणी पितो, खेळ खलास. इन्सुलिनचं तसं नाही. रोज सकाळी साडेसातला दादा पडवीत खुर्चीवर बसायचा, सदरा वर करायचा आणि घर गोळा व्हायचं. वहिनी कापूस घेऊन उभी. माझी स्वतःची बायको, जी मला गोळी घेतली का म्हणून कधी विचारत नाही, ती कळवळून म्हणायची, "दुखतं का हो, दादा?"

"छे गं. मुंगी चावल्यासारखं," दादा हसून सांगायचा.

सगळे सुस्कारा टाकायचे. मी कोपऱ्यात माझी गोळी गिळायचो. एकदा मुद्दाम ठसका लागल्याचं सोंग केलं, तर बायको म्हणाली, "हळू खोका ना, त्यांचा हात हलेल."

एवढ्यावर भागलं असतं तरी मी सोसलं असतं. पण मग ती बरणी आली.

आरोग्य केंद्रातल्या सिस्टर घरी येऊन दादाला समजावून गेल्या. "काका, वापरलेल्या सुईला परत टोपण घालायचं नाही, वाकवायची नाही. आणि कचऱ्यात तर अजिबात टाकायची नाही. कचरा उचलणाऱ्याच्या हातात घुसते, गुरांच्या तोंडात जाते. जाड प्लास्टिकची, घट्ट झाकणाची बरणी ठेवा. टोचून झालं की सुई लगेच आत. पाऊण भरली की झाकण पक्कं करून मला आणून द्या."

दुसऱ्या कुणी फिनेलचा रिकामा डबा घेतला असता. वहिनीने माळ्यावरून लाल झाकणाच्या, जाड प्लास्टिकच्या दोन पांढऱ्याशुभ्र बरण्यांतली एक काढली. या बरण्या मी दोन वर्षं माझ्या चिवड्यासाठी मागत होतो. "त्या पाहुण्यांसाठी आहेत, भाऊजी," हे उत्तर मला तोंडपाठ झालं होतं. सुयांना मात्र पाहुण्यांचा मान! दादाने तिच्यावर कचेरीतल्या वळणदार अक्षरात कागद चिकटवला: 'वापरलेल्या सुया. हात लावू नये.' खाली सही. पुन्हा आल्या तेव्हा सिस्टरनी त्या बरणीचा मोबाइलवर फोटो काढला आणि म्हणाल्या, "काका, इतकी नीट बरणी मी कुठेच पाहिली नाही. आता गावोगाव हीच दाखवणार."

माझ्या पोटात जे दुखलं ते कुठल्याच तपासणीत दिसलं नसतं. मीही एक डबा घेतला, त्यात गोळ्यांची रिकामी पाकिटं साठवली, वर कागद चिकटवला आणि पुढच्या खेपेला सिस्टरसमोर धरला. त्यांनी आत डोकावून पाहिलं. "काका, हे साध्या कचऱ्यात टाकलं तरी चालतं." माझ्या आजाराची लायकी त्यांनी एका वाक्यात ठरवून टाकली.

मे महिन्यात दादाची बरणी पाऊण भरली. कचेरीत लखोटे सीलबंद करायचा त्याचा हात. त्याने झाकणाभोवती चिकटपट्टीचे सात वेढे मारले (मी मोजले) आणि जाहीर केलं, "उद्या दुपारी देऊन येतो सिस्टरना."

म्हणजे उद्या दुपारी आणखी एक फोटो. आता मात्र मला राहवेना. मी ठरवलं, त्याच्या आधी सकाळीच बरणी आपण पोचवायची. भावासाठी धावून आलेला भाऊ म्हणून फोटो माझा निघेल! अडचण एकच होती, बरणीवर दादाची सही. ती राहिली असती तर मी नुसता पोऱ्या ठरलो असतो. मी ओल्या फडक्याने कागद भिजवला आणि हलकेच सोलून काढला. बरणी कोरी झाली. पिवळ्या कापडी पिशवीत घालून ती ओटीवर ठेवली आणि दाढी करून इस्त्रीचा शर्ट घालायला आत गेलो. फोटोचा प्रश्न होता.

त्याच वेळी आमचे जावई, दादाच्या पल्लवीचे यजमान, मोटरसायकलवरून दारात आले. पल्लवीचं लग्न नुकतंच हिवाळ्यात झालं, सासर गुजरातच्या सीमेवर, झाईला. माहेरून पहिल्या वर्षाचं कैरीचं लोणचं जायचं होतं. वहिनीने ते दुसऱ्या पांढऱ्या बरणीत भरून, दुसऱ्या पिवळ्या पिशवीत घालून, मी आत असताना ओटीवरच आणून ठेवलं होतं. चहा झाल्यावर ती स्वयंपाकघरातून ओरडली, "जावईबापू, ओटीवरची पिशवी घ्या हो!" ते घेऊन गेले. मी शर्टाची बटणं लावत बाहेर आलो, उरलेली पिशवी उचलली. जड लागली. मनात म्हटलं, दादाचा आजारच तेवढा वजनदार.

आरोग्य केंद्रात बाकांवर बरीच माणसं बसली होती. बरं झालं. मी बाकांकडे बघतच बरणी टेबलावर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "सिस्टर, लोकांना सुया कुठेही फेकायची सवय असते. आमच्या घरात मी ते चालू देत नाही."

"हिच्यावरचा कागद कुठे गेला?" सिस्टरनी विचारलं. मग बरणी उचलून पाहिली, कपाळाला आठी घातली आणि झाकणाकडे नाक नेलं. झाकण सैल होतं. ते फिरवताच मेथी-हिंगाचा वास शेवटच्या बाकापर्यंत पोचला.

"काका," त्या म्हणाल्या, "सुया मुरायला घातल्यात का?"

बाकं हसली. मी हसलो नाही, कारण दुसरी पिशवी कुठे गेली ते माझ्या लक्षात आलं होतं. दादाच्या महिनोन् महिन्यांच्या सुया झाईला निघाल्या होत्या. लोणचं म्हणून. आणि त्या लोणचं नाहीत हे सांगणारा एकमेव कागद माझ्या खिशात होता.

मी बाहेर पळालो. जावयांना फोन केला, ते गाडीवर. पल्लवीला केला, ती उचलेना. दादाला केला असता तर त्याने पाच मिनिटांत मार्ग काढला असता. म्हणूनच केला नाही. स्कूटर काढली आणि घोलवड, बोर्डी करत झाईकडे सुटलो. वाटेत डोळ्यांपुढे एकच चित्र: विहीणबाई बरणीत हात घालतायत. आणि पल्लवी? लग्नाला सहा महिने नाहीत झाले, सासूला माहेरच्या सुया टोचल्यावर ती पोर त्या घरात कुठल्या तोंडाने वावरणार? समुद्राचा वारा लागत होता तरी इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला.

झाईला पोचलो तेव्हा विहीणबाई अंगणात पाटावर बसल्या होत्या. बरणी दोन्ही पायांत घट्ट धरलेली, हातात कोयता. शेजारच्या दोन बायका वाट्या घेऊन चवीला आलेल्या. पल्लवी बाजूला देवाच्या नैवेद्याची वाटी धरून उभी.

"विहीणबाई, थांबा! उघडू नका!"

"आवो आवो, बेसो," त्या कोयता न थांबवता म्हणाल्या. "अर्धा तास झाला, खुलतच नाय. तुमच्याकडे लोनच्याला एवढा बंदोबस्त करतात काय?"

"ते लोणचं नाहीये."

कोयता थांबला. "मग काय हाय?"

"सुया. दादाच्या इन्सुलिनच्या. वापरलेल्या."

वाट्यावाल्या बायका दोन पावलं मागे सरकल्या. पल्लवीने डोळे मिटले. जावई हळूच म्हणाले, "काका, हलकी लागली होती मला. पण सासुरवाडीच्या वस्तूचं वजन कसं करायचं?"

मी खिशातून तो चुरगळलेला कागद काढला आणि सगळं सांगितलं. अगदी फोटोसकट. पल्लवीच्या डोक्यावर काही येऊ नये म्हणून दुसरा मार्गच नव्हता. विहीणबाईंनी सही केलेला कागद वाचला, मग बरणी फिरवून ते सात वेढे बघितले. त्यांतले पाच अजून शाबूत होते.

"ही पट्टी कोनी लावली?"

"दादाने."

"बहु हुशार मानूस," त्या म्हणाल्या. "त्यांच्यामुळे माझा हात वाचला." मग पल्लवीकडे वळून, "तुझ्या बाबांना फोन लाव. मला त्यांच्याशी बोलायचं."

माझ्याशी कुणी बोललं नाही. मी बरणी घेऊन केंद्रात परत गेलो. सिस्टरनी ती ताब्यात घेतली आणि लोणच्याची बरणी माझ्यापुढे सरकवली. आतलं लोणचं चांगलंच खाली गेलं होतं.

"पाऊणच्या वर भरायची नसते, काका. सांगितलं होतं ना?"

पुढे चार महिन्यांनी डॉक्टरांनी मलाही इन्सुलिन लिहून दिलं. रिपोर्ट वाईट होता, पण मी घरी आलो तो पेढे वाटायच्या चालीने. झाईहून रिकामी होऊन आलेली पांढरी बरणी वहिनीने न मागता दिली. दुसऱ्या दिवशी साडेसातला पडवीतल्या खुर्चीवर बसलो, सदरा वर केला आणि वाट पाहिली.

कुणी आलं नाही. आत जाऊन बघतो तर सगळे दादाभोवती. त्याची साखर आटोक्यात आली होती आणि डॉक्टरांनी इन्सुलिन बंद करून त्याला गोळ्या दिल्या होत्या. मी चार वर्षं एकट्याने गिळली तीच गोळी. वहिनी पाण्याचा पेला धरून उभी होती आणि माझी बायको कळवळून विचारत होती, "कडू लागते का हो, दादा?"

मी पडवीत परत आलो. एकट्याने टोचून घेतलं, सुई लोणच्याचा वास येणाऱ्या बरणीत टाकली. आता ती भरली की मीच पोचवतो. सिस्टर आधी कानाशी धरून हलवतात, मगच घेतात. फोटो अजून निघालेला नाही.

आणि दुखतं का म्हणाल, तर मुंगी चावल्यासारखंच. तेही दादाचंच बरोबर निघालं.