चिलटाचा डावा काटा

गेल्या रविवारी दुपारी, दिल्लीत सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, एका चिलटाचं अटेस्टेशन अडलं. अडवणारा माझा नवराच.

मी कीटकशास्त्रज्ञ. कुंडीतल्या ओल्या मातीवर भिरभिरणारी बारीक काळी चिलटं असतात ना... बुरशीवर जगणारी... त्यांच्या जंगली जातींचं वर्णन करणं हे माझं काम. लोक हसतात, हसू देत. मला त्यात जाम मजा येते आणि मी त्यात चांगली आहे, हेही सांगून टाकते.

दोन वर्षं मी एकाच नराच्या मागे होते. केरळच्या जंगलातून आलेला, जेमतेम तीन मिलिमीटरचा. पाठीला पोक, सोळा मणी ओवल्यासारख्या मिशा, अंगाच्या मानाने भलत्याच लांब तंगड्या. पण जात ओळखायची ती मागच्या टोकावरून... तिथे मादीला धरायला दोन चिमटे असतात. माझ्या नराच्या चिमट्याला टोकाशी एक जाड काटा होता, जो त्याच्या कुठल्याच भाऊबंदात नाही. त्या काट्यावर माझी नवी जात उभी होती. दुसरा नमुना नाही, आणि पेपर सोमवारी पाठवायचा होता.

नवरा केंद्र सरकारात गॅझेटेड ऑफिसर. अख्खी कॉलनी त्याच्याकडे झेरॉक्सवर ‘खरी प्रत’ म्हणून सही घ्यायला येते आणि ओरिजिनल पाहिल्याशिवाय हा माणूस सख्ख्या भावालाही सही देत नाही. मी कौतुकाने त्याला चिमट्यांचं चित्र दाखवलं. दोन्ही बाजूंना सुबक काटे.

"अच्छा. ओरिजिनल कुठंय?"

मी हसत लॅपटॉपवर त्या नराच्या स्लाइडचा, मायक्रोस्कोपमधून काढलेला फोटो उघडला. तो चष्मा कपाळावर चढवून बघत राहिला... "डावीकडे काटा नाहीये, यार."

मी फोटो मोठा करून पाहिला... खरंच नव्हता. किडा दोन्हीकडून सारखाच, असं धरून चित्र अर्धंच काढायची आमच्याकडे पद्धत आहे. उजवी बाजू हाताने काढायची, कॉम्प्युटरवर पलटवून डावीकडे चिकटवायची. मीही तेच केलं होतं. दोन वर्षांत डाव्या चिमट्याकडे नीट पाहिलंच नव्हतं! काटा एकीकडेच असेल, तर तो या एका नराचा जन्मजात दोषही असू शकतो... मग कसली नवी जात?

सोमवारी पेपर थांबवला आणि स्लाइड मायक्रोस्कोपखाली घेतली. सगळ्यात मोठ्या लेन्सखाली डाव्या टोकाला दिसली... एक गोल, रिकामी खोबण. काटा गळला तरी त्याची खोबण मागे राहते. उजवीकडच्या काट्याखालीही तेवढीच, अगदी त्याच जागी. म्हणजे डावा काटा होता, गळून पडला... बहुतेक स्लाइड करताना माझ्याच सुईने.

जात नवीच आहे. मी म्हटलं होतं ना!

पण चित्र नव्याने काढलं, दोन्ही बाजू हाताने. उजवीकडे काटा, डावीकडे रिकामी खोबण... आणि खाली तसं स्पष्ट लिहिलं. पहिल्याइतकं देखणं नाही, मला मात्र हेच जास्त आवडतं.

संध्याकाळी त्याची प्रिंट घरी आणून फोटोशेजारी ठेवली. नवऱ्याने दोन्ही बाजू सावकाश तपासल्या, खिशातून पेन काढलं आणि कोपऱ्यात सही ठोकली.

ती प्रिंट आता माझ्या मायक्रोस्कोपच्या वर, भिंतीवर लावलीय. थँक यू, साहेब... यापुढे प्रत्येक किड्याची डावी बाजू आधी.