लाइनीचं ऐकणारे विश्रामदादा

विश्रामदादा आमच्या घरात आले की आधी कोणाशीही बोलत नसत. चपला पायरीवर, छत्री कोपऱ्यात आणि स्वारी थेट टेलिफोनपाशी. रिसीव्हर उचलून कानाला लावायचा, डोळे मिटायचे आणि नुसतं उभं राहायचं. तेवढा वेळ घरात कोणी भांडंही वाजवायचं नाही. मग रिसीव्हर जागेवर ठेवून ते आईला म्हणत, "हां वहिनी, आता तुमचं सांगा." आधी लाइनीचं ऐकायचं, मग माणसांचं, हा त्यांचा नियम. माणूस आपल्या सोयीचं सांगतो, लाइन सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून तीस वर्षं खांबांवर चढलेल्या माणसाशी वाद कोण घालणार?

मी मात्र घातला. दोन हजार सात साल होतं. पाऊस ओसरला होता आणि माझं डोकं तापलेलं होतं. खुब्याचं हाड मोडल्यामुळे आई अंथरुणाला खिळली होती. मी पुण्यात एका प्रकाशनाकडे पानं तपासून लावायचं काम करायची. साहेबांच्या हातापाया पडून मी एक महिना रत्नागिरीहून काम करायची परवानगी मिळवली होती. "जमलं तर कायमचं तिथूनच करा, नाही जमलं तर परत या," असं त्यांनी बजावलं होतं. परत जायचं म्हणजे आईला कोणाच्या भरवशावर टाकायचं? म्हणून हौसेनं ब्रॉडबँड घेतलं. आईच्या खाटेशेजारी बसून काम करता यावं म्हणून मोडेमही अँटेनावाला, वायरलेस घेतला. आणि महिना संपत आला तरी मोठी फाइल पाठवायला घेतली की लाइन अर्ध्यात मान टाकायची. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मदतकेंद्रातला मुलगा रोज त्याच गोड आवाजात सांगायचा, "मॅडम, मोडेम बंद करून चालू करा." कोणी म्हणालं, चिऱ्याच्या जाड भिंती वायरलेस गिळतात. म्हणून मी मोडेम टेबलावरून कोनाड्यात, कोनाड्यातून कपाटावर आणि तिथून खिडकीत नेला. देव्हाऱ्यात तेवढा ठेवायचा बाकी होता. शेवटी आईच म्हणाली, "विश्रामला बोलाव."

दादा आले, कान लावून झाला, आणि माझी सगळी कर्मकहाणी त्यांनी ऐकून घेतली. मग म्हणाले, "पाणी येत नाय म्हणून तोट्या बदलीत बसलीस गो. आधी विहीर बघावी. लाइन जाते ती कधी जाते?"

"कधीही जाते," मी म्हणाले.

"कधीही काय जात नाय. तापसुद्धा वेळ बघून चढतो. त्या कॅलेंडरवर लिहीत जा."

मला राग आला. मला मोडेम दुरुस्त करून हवा होता आणि हे मला गृहपाठ देऊन गेले. तरी चार दिवस लिहिलं. पाचव्या दिवशी कॅलेंडरवरच्या वेळा वाचल्या. चार, चार वाजून दोन मिनिटं, चार, पुन्हा चार. मी दुपारी पानं तपासून साडेतीनच्या पुढे फाइल पाठवायला बसायची, म्हणून चारच्या तावडीत दरवेळी तीच सापडायची.

तोच माझ्या महिन्याचा शेवटचा दिवस होता. एका पुस्तकाची सगळी पानं पाचच्या आत पुण्याला पोचायची होती, छापखाना थांबला होता. मी दादांना फोन केला आणि पानं संपली तशी साडेतीनला फाइल लावली. ते तेवढ्यात हजर. त्या दिवशी मात्र फोनला हातही न लावता खुर्ची ओढून मोडेमसमोर बसले. "चार वाजू देत," एवढंच म्हणाले. आई खाटेवरून बघत होती आणि का कोण जाणे, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

चार वाजले. मोडेमचा हिरवा दिवा लुकलुकला आणि गेला. माझ्या तोंडून शिवी निघणार तेवढ्यात दादांनी झडप घालून रिसीव्हर उचलला. डोळे मिटले. आणि काय सांगू, त्या माणसाच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरायला लागलं. ओठांवर बोट ठेवून त्यांनी रिसीव्हर माझ्या कानाला लावला.

आत कोंबड्या ओरडत होत्या. कोणीतरी धापा टाकत श्वास घेत होतं. मग एक म्हातारा आवाज स्वतःशीच पुटपुटला, "हाय. जिती हाय लाइन." आणि खट्. तिकडचा रिसीव्हर खाली गेला. मोडेमचा दिवा पुन्हा धडपडायला लागला.

"ही तर मयेकरीण," दादा म्हणाले.

मयेकरकाकू म्हणजे आमच्या गडग्यापलीकडच्या, दगडी कुंपणाला लागूनच्या शेजारीण. त्यांचा मुलगा सुधीर बोटीवर खलाशी. काकूंकडे फोन आहे एवढं मला ठाऊक होतं, तो आमचाच आहे हे ठाऊक नव्हतं. मी आईकडे पाहिलं. आई छताकडे पाहायला लागली.

सगळं बाहेर आलं ते असं. मी पुण्याला शिकायला गेले त्या काळात फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लागायचा नाही. सुधीरची बोट कुठल्यातरी बंदराला लागली की तो आमच्याकडे फोन करायचा, आणि गुडघेदुखीनं बेजार काकू धावत येईपर्यंत त्याची वेळ संपलेली असायची. ते बघून विश्रामदादांनी एका दुपारी आमच्या लाइनीला जोड मारून एक तार गुपचूप गडग्यावरून पलीकडे नेली. खात्याच्या नियमात हे कुठेच बसत नव्हतं. अशा तारा त्यांनी गावात किती घरी दिल्या होत्या देव जाणे. आमची ते साफ विसरून गेले होते.

"पण वहिनी, तुम्हाला माहीत होतं ना? मग महिनाभर बोलला का नाय?"

"तूच ग्रामदेवतेची शपथ घातलीस, कोणाला सांगू नका म्हणून."

"अहो, मलासुद्धा नाय सांगायचं?"

"कोणाला म्हणजे कोणालाच," आई शांतपणे म्हणाली. "शपथ ती शपथ."

मी हसावं की रडावं, मला कळेना. दादा मात्र असे हसले की त्यांना खुर्ची धरावी लागली. मग त्यांनी पिशवीतून पक्कड काढली आणि त्यांचं हसू एकदम थांबलं. तार कापली की माझं काम झालं असतं. त्यांची निवृत्ती जवळ आली होती, ती तार पुढे कोणाच्या नजरेला पडली असती तर शोभा झाली असती. कापणं सगळ्या बाजूंनी शहाणपणाचं होतं.

"कापा," मी म्हणाले. आज सांगायला लाज वाटते, पण म्हणाले. सव्वाचार होत आले होते.

दादांनी माझ्याकडे बघितलं. "म्हातारी पोराच्या फोनपायी रोज चारला उठून लाइन जिती हाय का बघते. मी कापली, तर उद्या चारला ती काय ऐकेल?" पक्कड परत पिशवीत गेली. "मोडेमचा खोका कुठाय?"

"माळ्यावर," आई म्हणाली.

"बघ. कोकणात खोका टाकीत नाय कोणी."

मी खोका काढला. आत प्लॅस्टिकमध्ये, कधीही न उघडलेला, दुसरा फिल्टर होता. काडेपेटीएवढी डबी ती. फोन आणि ब्रॉडबँड एकाच तारेवर भांडू नयेत म्हणून ती प्रत्येक फोनला लावायची असते. एक आमच्या फोनला होतीच. काकूंचा फोन उघडा होता, म्हणून त्यांनी रिसीव्हर उचलला की माझी लाइन मरायची. दादांनी डबी खिशात टाकली आणि सत्तावन्न वर्षांचा तो माणूस दारानं फिरून न जाता सरळ गडगा ओलांडून पलीकडे उतरला. पलीकडे कोंबड्यांनी एकच कल्ला केला. "अगो बाय, विश्राम! चोरासारखा कुठून येतंस?" काकूंचा आवाज आला.

चार वीसला मी फाइल पुन्हा लावली. पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकायला लागली. वीस टक्के. चाळीस. दादा परत येऊन बसले. साठ टक्क्यांना फोन खणखणला. आमच्या घरात आणि पलीकडेही, एकदमच. मी डोळे गच्च मिटले. आईनं हात लांबवून रिसीव्हर उचलला. "कोण? सुधीर! अरे, धर, धर." आणि खुब्याचं दुखणं विसरून ती खिडकीकडे ओरडली, "काकू, उचला! सुधीर!"

काकूंनी उचलला. मी एक डोळा उघडला. दिवा हिरवागार होता. पलीकडे काकू सुधीरला कोंबड्यांपासून गुडघ्यांपर्यंत सगळं सांगत होत्या आणि इकडे माझी पानं पुण्याला चालली होती, दोन्ही एकाच तारेवरून. मला आनंदानं भडभडून आलं. पाचला तीन मिनिटं कमी असताना फाइल पोचली. दादांनी छत्री उचलली. "बघ, मावलं की दोघांचं," असं म्हणून ते निघून गेले. चहालाही थांबले नाहीत.

मी पुण्याला परत गेले नाही. आई शेवटपर्यंत माझ्या शेजारी होती.

दादा निवृत्त झाले आणि पुढे दोनच वर्षांनी झोपेतच गेले. त्यांना पोचवून आम्ही दुपारी घरी आलो. घड्याळात चार वाजत होते. पाय आपोआप फोनकडे गेले. मी रिसीव्हर उचलला आणि डोळे मिटले.

कोंबड्या ओरडत होत्या. काकूंचा श्वास ऐकू येत होता. मीच म्हणाले, "काकू, लाइन चालू आहे."

"होय गो," काकू म्हणाल्या. "त्यानं जोडलेली हाय."

आम्ही दोघी तशाच ऐकत उभ्या राहिलो. दिवा हिरवाच होता.